परीक्षेची फी घेता, तर सरावाचं लायसन्सही द्या

सर्टिफिकेशन परीक्षा घेणाऱ्या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या भारतातल्या प्रमुखांना आणि त्यांच्या प्रशिक्षण विभागांना,

स. न. वि. वि.

मी चिंचवडला राहते. पंधरा वर्षं सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून काम केलं, त्यातली सात रात्रपाळीची. तुमचीच सॉफ्टवेअर सांभाळली. तुमचे पॅच रात्री दोनला टाकले, सकाळी सहापर्यंत जागून सगळं परत वर आलंय ना ते पाहिलं. लायसन्सचं ऑडिट आलं की कंपनीत आकडे जुळवत बसणारी दोन-चार माणसं असतात, त्यांत मी होते. अकरा महिन्यांपूर्वी प्रोजेक्ट संपला, काही आठवडे प्रोजेक्टविना बेंचवर काढले आणि मग नोकरी गेली.

तक्रार त्याबद्दल नाही. या क्षेत्रात हे होतं, हे मला आधीपासून ठाऊक होतं आणि झाल्यावर काय करायचं तेही. अभ्यास करायचा. माझ्या रेझ्युमेवर एमसीएसई आहे, पण ते सर्टिफिकेशनच मायक्रोसॉफ्टने ३१ जानेवारी २०२१ ला बंद केलं. व्हर्च्युअलायझेशनचं, म्हणजे एका यंत्रावर अनेक आभासी मशीन चालवण्याचं सर्टिफिकेट आहे, ते तीन आवृत्त्या मागचं. इंटरव्ह्यूला फोन येतो, पहिल्या पाच मिनिटांत प्रश्न येतो, ‘करंट व्हर्जनवर सर्टिफाइड आहात का?’ आणि ‘नाही, पण...’ म्हटलं की पुढचं कुणी ऐकत नाही. म्हणून गेल्या श्रावणात जुनी वही काढली आणि परत विद्यार्थिनी झाले.

झाले असं मला वाटलं. तुमच्या फॉर्मला ते पटलं नाही. ट्रायल हवी म्हणून एका कंपनीच्या पानावर गेले तर तिथे ऑफिसचा ई-मेल मागत होते. जीमेलचा पत्ता टाकला की रकान्याखाली लाल अक्षरं येत. दुसऱ्या एका कंपनीचं विद्यार्थ्यांसाठी वेगळं पान होतं, सवलत चांगली होती, पण तिथे कॉलेजचा ई-मेल लागत होता. मी सांगलीतून २००९ ला शिकून बाहेर पडले. त्या वेळी आम्हाला कॉलेजचा ई-मेल मिळालाही नव्हता. म्हणजे एका पानाच्या लेखी मी नोकरदार नाही आणि दुसऱ्याच्या लेखी विद्यार्थिनी नाही. शिकणारा माणूस एक तर कॉलेजात असतो नाही तर कंपनीत, असं धरूनच तुमची सारी व्यवस्था उभी आहे. कॉलेज संपलेला आणि कंपनी सुटलेला माणूस तिच्यात कुठेच बसत नाही. शिकण्याची सगळ्यांत जास्त निकड मात्र त्यालाच असते.

पैशांचं आता सांगते. सिस्कोची नेटवर्किंगची परीक्षा, सीसीएनए, ३०० डॉलरची. त्यावर कर धरला की तीस हजारांच्या घरात जाते. व्हीएमवेअरची व्हर्च्युअलायझेशनची परीक्षा, व्हीसीपी, २५० डॉलरची. या परीक्षा नुसतं पुस्तक वाचून देण्याच्या नाहीत, हे तुम्हीच तुमच्या अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावर लिहिता. प्रत्यक्ष हाताळणीचा अनुभव हवा म्हणता. मग सरावासाठी वेगळा खर्च. सिस्कोच्या मॉडेलिंग लॅब्जचं, म्हणजे आभासी राउटर-स्विचवर सराव करायच्या सॉफ्टवेअरचं, व्यक्तिगत लायसन्स वर्षाला १९९ डॉलर. व्हीएमवेअरच्या वापरकर्त्यांच्या संघटनेचं अ‍ॅडव्हांटेज सभासदत्व २०० डॉलरच्या आसपास. म्हणजे यातलं एकच घ्यायचं तरी आणखी सतरा-अठरा हजार. नवऱ्याच्या पगारात घराचा हप्ता आणि मुलीची शाळा भागते, म्हणजे मी सुदैवीच. माझ्याबरोबर अभ्यास करणारा एक मुलगा परभणीचा आहे. पुण्यात नऱ्ह्याला कॉट बेसिसवर राहतो, जेवणाचा डबा लावलाय. नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं, तेवढ्यात गेली. अठरा हजारांत त्याचे दोन महिने निघतात. सराव की दोन महिन्यांचं राहणं-जेवण, यातलं त्याने काय निवडावं?

लॅब म्हणजे काय, हे तुमच्या इंजिनिअरना सांगायची गरज नाही. पण लायसन्सची धोरणं इंजिनिअर ठरवत नाहीत, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. माझी लॅब आमच्या स्वयंपाकघराच्या मागच्या बाल्कनीत आहे. एका मित्राने दिलेला जुना डेस्कटॉप, त्यात जुन्या सामानाच्या दुकानातून आणलेली रॅम, आणि तपकीर गल्लीतून घेतलेला आठ पोर्टचा स्विच. व्हीसेंटर ८, म्हणजे सगळे होस्ट एका जागेवरून सांभाळणारं व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर, सगळ्यांत छोट्या मापात बसवायचं तरी १४ जीबी रॅम लागते. त्याच्याखाली ईएसएक्सआयचे दोन होस्ट, म्हणजे आभासी मशीन ज्यांच्यावर चालतात ते सर्व्हर, प्रत्येकी किमान ८. म्हणजे तीस जीबी तिथेच संपली आणि अजून डोमेन कंट्रोलर, म्हणजे सगळ्यांचं लॉगिन तपासणारा सर्व्हर, उभा करायचाय. ही जुळवाजुळव आम्ही करतो. त्याबद्दल काही मागणं नाही.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. एक होस्ट डोमेनला जोडायचा होता. युजरनेम बरोबर, पासवर्ड बरोबर, डीएनएस, म्हणजे नाव-पत्त्याची जुळणी, पुढूनही बरोबर आणि उलटीही बरोबर, तरी जोडला जाईना. दोन रात्री गेल्या. तिसऱ्या रात्री सहज त्याच्या घड्याळाकडे लक्ष गेलं, तर ते सात मिनिटं मागे. मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपत आला होता. डेस्कटॉप बंद असला की त्याचं घड्याळ मागे पडत होतं, आणि वेळ जुळवायला एनटीपी मी लावलंच नव्हतं. लॉगिन तपासणारं कर्बेरॉस पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही, हे मी पंधरा वर्षांत निदान पन्नास वेळा वाचलं असेल, दोन-तीन इंटरव्ह्यूंत सांगितलंही असेल. त्या रात्री ते कळलं. आता कुठेही ‘लॉगिन होत नाही’ असं ऐकलं की माझा हात आधी घड्याळाकडे जातो.

हे शिक्षण मार्गदर्शनासह तयार करून ठेवलेल्या ऑनलाइन लॅबमध्ये मिळत नाही. तुमच्यापैकी काहींच्या अशा लॅब फुकट आहेत, चांगल्याही आहेत, मी त्या केल्यात. पण तिथे सगळं आधीच जुळवलेलं असतं. सूचना वाचायच्या, बटणं दाबायची, वेळ संपली की सगळं पुसलं जातं. तिथला सेल कधी संपत नाही. बिघडलेलं तसंच ठेवून झोपायचं आणि सकाळी ताज्या डोक्याने पुन्हा बघायचं, हे फक्त स्वतःच्या लॅबमध्ये जमतं. ऑफिसात बिघाड येतात ते असेच येतात.

आणि म्हणूनच ६० दिवसांची ट्रायल पुरत नाही. विंडोज सर्व्हरची मुदत १८० दिवसांची आहे, तिच्यात माणूस श्वास घेऊ शकतो. व्हीस्फिअर ८ ची, म्हणजे ईएसएक्सआय आणि व्हीसेंटर मिळून, ६०. हे आकडे खरेदी करू पाहणाऱ्या कंपनीला डोळ्यांपुढे ठेवून ठरवलेले आहेत. तिच्याकडे चार माणसांची टीम असते, सर्व्हर तयार असतो, दोन महिन्यांत तिला घ्यायचं की नाही तेवढं ठरवायचं असतं. बेकार माणसाकडे वेळच वेळ असतो असं बाहेरून वाटतं. खरं तर त्याचे दिवस फाटलेले असतात. दोन दिवस इंटरव्ह्यूच्या तयारीत, एक इंटरव्ह्यूत, मग उत्तराची वाट पाहण्यात डोकं कशातच लागत नाही. मधे कुणाचं तरी छोटं काम मिळालं तर ते आधी, कारण त्याचे पैसे येतात. माझ्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा बारा दिवस मी बाल्कनीत गेलेच नाही. मुदत चालूच राहिली. ती संपली की चालू असलेल्या मशीन चालू राहतात, पण होस्ट व्हीसेंटरपासून तुटतात आणि एकदा बंद केलेली मशीन पुन्हा सुरू होत नाही. मग सगळं पुसून पहिल्यापासून. मी तीन वेळा पुसलंय. इन्स्टॉलेशन आता डोळे मिटून येतं. मुदत मात्र दर वेळी स्टोरेजच्या धड्यापर्यंत पोचायच्या आत संपते.

तुम्ही काहीच करत नाही असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. रेड हॅटने २०२१ पासून व्यक्तिगत डेव्हलपर सबस्क्रिप्शनवर १६ मशीनपर्यंत आपलं लिनक्स, आरएचईएल, फुकट वापरू दिलंय. त्यासाठी ना कॉलेज लागतं ना कंपनी. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसची डेव्हलपर आवृत्ती पूर्ण ताकदीची आहे आणि फुकट आहे. फक्त ती खऱ्या कामाला लावायची नाही, एवढीच अट. नेटवर्कच्या सरावाचं पॅकेट ट्रेसर फुकट आहे, आणि सिस्कोने मॉडेलिंग लॅब्जची पाच नोडची मोफत आवृत्तीही काढली. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो २०२४ मध्ये फुकट झालं. मायक्रोसॉफ्टने २०२० च्या जूनमध्ये कोविडमुळे काम गेलेल्यांसाठी परीक्षा १५ डॉलरला देऊ केल्या होत्या. म्हणजे बेकार माणूस ओळखता येतो आणि त्याच्यासाठी वेगळा दर लावता येतो, हे एकदा करून दाखवलेलं आहे.

पण जे मिळतं ते कधी जाईल याचा भरवसा नाही, आणि हीच गोष्ट सगळ्यांत जास्त जिव्हारी लागते. मी नवी होते तेव्हा आमच्या टीममधल्या सीनिअरकडे टेकनेटचं सबस्क्रिप्शन होतं, त्यात मायक्रोसॉफ्टची सॉफ्टवेअर शिकायला आणि तपासून पाहायला मिळायची. रविवारी त्याने आम्हा दोघींना त्याच्या घरच्या लॅबवर बसवून अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी शिकवली. त्याची आई मधेच पोहे आणून द्यायची. टेकनेटची विक्री २०१३ मध्ये थांबली. त्यातल्या किल्ल्या काही लोक बाजारात विकत होते, हे आम्हालाही माहीत होतं. पण शिक्षा शिकणाऱ्यांनाही झाली. मायक्रोसॉफ्ट ३६५ चा डेव्हलपर सँडबॉक्स कुणालाही मिळायचा, तो २०२४ च्या सुरुवातीला आखडला आणि ज्यांच्याकडे आधीच पैसे भरून घेतलेलं व्हिज्युअल स्टुडिओचं सबस्क्रिप्शन आहे मुख्यतः अशांपुरता राहिला. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर घेतल्यावर काही महिन्यांत फुकटचं ईएसएक्सआय बंद झालं. एप्रिल २०२५ मध्ये ते परत आलं, पण ते व्हीसेंटरला जोडता येत नाही. चालू मशीन दुसऱ्या होस्टवर हलवणं (व्हीमोशन), होस्ट पडला तर मशीन दुसरीकडे सुरू होणं (एचए), होस्टांवर भार वाटणं (डीआरएस) हे सगळं व्हीसेंटरशिवाय मांडता येत नाही, आणि परीक्षा त्याच्यावरच असते. आधी अ‍ॅडव्हांटेज सभासदत्वासोबत वर्षभराची लायसन्स मिळत, हजारो लोकांच्या घरच्या लॅब त्यावर चालायच्या. आता नियम असा आहे की आधी सर्टिफिकेशन पास व्हा, मग लॅबचं लायसन्स घ्या.

हे वाक्य कृपया दोनदा वाचा. पोहायला येतं हे आधी सिद्ध करा, मग विहिरीत उतरू देऊ, असा याचा अर्थ होतो.

‘क्लाउडवर सराव करा’ असं तुमच्या मंचांवर सांगितलं जातं. करून पाहिलंय. अ‍ॅझ्युअर २०० डॉलरचं क्रेडिट देतं, ते ३० दिवसांत वापरायचं असतं, आणि सुरुवातीलाच कार्ड मागतं. नोकरी नसताना कार्डाचा आकडा तिथे टाकायला हात धजत नाही. कारण क्लाउडमध्ये विसरभोळेपणाला बिल असतं. व्हर्च्युअल मशीन बंद केली तरी तिच्या डिस्कचं भाडं चालू राहतं. अ‍ॅमेझॉनच्या एडब्ल्यूएसवर एक नॅट गेटवे, म्हणजे आतल्या मशीनना इंटरनेटवर जायची वाट, उभा करून विसरलात तर त्यातून एक बाइटही न जाता तासाचा दर लागत राहतो. घरात पगार येत असताना दोन-तीन हजारांची चूक ही शिकवणी असते. नसताना तीच चूक घरी सांगायची भीती वाटते. आणि ज्या भीतीने मशीन बंद ठेवावी लागते, तिने सराव कसा होणार?

मग उरतो तो रस्ता, जो सगळ्यांना ठाऊक आहे. टेलिग्रामवर किल्ली मिळते, क्रॅक मिळतो, सिस्कोच्या इमेज कुणाच्या तरी ड्राइव्हवर असतात. मी तो रस्ता घेतला नाही. ऑडिटला पंधरा वर्षं बसलेल्या बाईला ते जमत नाही. शिवाय क्रॅकमधून आलेल्या व्हायरसने बसलेली मशीन मी स्वतः साफ केलीय. पण परभणीच्या मुलाने मला विचारलं, ‘ताई, तुम्ही सांगा, दुसरा उपाय काय?’ तेव्हा मला लगेच उत्तर देता आलं नाही. त्याला चोर म्हणायला माझी जीभ उचलत नाही. ज्या सॉफ्टवेअरवर तो उद्या तुमच्याच ग्राहकाचं काम करणार आहे, ते शिकण्यासाठी तो धडपडतोय.

आणखी एक रस्ता आहे, त्याचं नुकसान थेट तुम्हाला होतं. तो म्हणजे डम्प्स. आधी येऊन गेलेले प्रश्न उत्तरांसकट पाठ करायचे आणि परीक्षेला बसायचं. तुम्ही त्यावर कारवाई करता, सर्टिफिकेट रद्द करता, ते योग्यच आहे. पण लॅब परवडत नसलेल्या मुलाला लॅबपेक्षा डम्प्स कितीतरी स्वस्त पडतात, या हिशोबाकडेही पाहा. इंटरव्ह्यू मी दोन्ही बाजूंनी पाहिलेत. सर्टिफिकेट आहे, पण स्नॅपशॉट आणि बॅकअप यांतला फरक सांगता येत नाही, अशी मुलं माझ्यासमोर बसलेली आहेत. त्या मुलांमुळे तुमच्या सर्टिफिकेटची किंमत बाजारात उतरते, आणि माझ्यासारखीच्या सर्टिफिकेटचीही.

हे सरकारकडे मागा, असं कुणी म्हणेल. कर्मचारी राज्य विमा निगमाची बेकारी भत्त्याची योजना आहे, पण त्या विम्यात येण्यासाठी पगार २१,००० पर्यंतच असावा लागतो. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना ३५ वर्षांपर्यंतच्यांसाठी आहे. मी ३८ ची आहे. त्या योजना त्यांच्या जागी राहोत. सॉफ्टवेअर तुमचं आहे, लायसन्स तुम्ही देता, म्हणून तुमच्याशीच बोलते.

मागणं एवढंच आहे की परीक्षेची फी भरताच त्या परीक्षेच्या अभ्यासक्रमात जे सॉफ्टवेअर आहे, त्याचं सरावाचं लायसन्स त्याच फीत मिळावं. मुदत फी भरल्यापासून एक वर्ष, म्हणजे पहिल्यांदा नापास झालेल्यालाही दुसऱ्या प्रयत्नापर्यंत पुरेल. मशीनची संख्या मर्यादित ठेवा. तीन होस्ट, पाच-दहा राउटर, काय लागेल ते तुमचे अभ्यासक्रम लिहिणारेच सांगतील. खऱ्या कामाला वापरता येणार नाही अशी अट घाला, स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत ‘सरावासाठी’ असं उमटवा, महिन्यातून एकदा इंटरनेटवरून तपासणी ठेवा. आम्ही तक्रार करणार नाही. परीक्षा केंद्रावर तुम्ही आमचं ओळखपत्र पाहता, फोटो काढता. परीक्षेसाठी जो माणूस तुम्हाला खरा वाटतो, तो लायसन्ससाठीही खराच आहे. त्यासाठी त्याच्या ई-मेलच्या शेपटाची गरज नाही.

आणि ज्यांच्याकडे फीचेही पैसे नाहीत, त्यांच्यासाठी फी भरायच्या आधी निदान सहा महिन्यांचं लायसन्स असावं. नोकरी गेली याचा पुरावा मागायचा तर तो या देशात आहे. भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीत नोकरी सोडल्याची तारीख असते, आणि ती नोंद सदस्याला स्वतः ऑनलाइन काढता येते. फॉर्ममध्ये विद्यार्थी आणि नोकरदार यांच्या शेजारी तिसरा पर्याय ठेवा, ‘सध्या काम शोधत आहे’. त्याखाली जीमेल चालू द्या.

किमतीबद्दल एकच बोलते. मायक्रोसॉफ्टच्या परीक्षेचा दर भारतात रुपयांत असतो आणि अमेरिकेपेक्षा बराच कमी असतो. परीक्षेला जो विचार लागू होतो, तो सरावाच्या लायसन्सलाही लागू करा. २०० डॉलर ही रक्कम नऱ्ह्यात आणि टेक्सासमध्ये सारखी नाही.

यात तुमचा महसूल बुडत नाही. माझ्या बाल्कनीतल्या डेस्कटॉपसाठी मी तुमचं पूर्ण लायसन्स कधीच घेणार नव्हते. मी ज्या कंपन्यांत काम केलं, तिथे नवं काय घ्यावं हे ठरवताना आम्हा अ‍ॅडमिनना विचारलं जायचं, आणि आम्ही तेच सुचवायचो जे आमच्या हातांना ठाऊक होतं. सध्या परभणीचा तो मुलगा प्रॉक्समॉक्स शिकतोय, व्हीएमवेअरसारखंच आभासी मशीन चालवणारं. ते मुक्त आहे, त्याला मुदत नाही, ऑफिसचा ई-मेल मागत नाही. चार वर्षांनी त्याला कुणी विचारेल तेव्हा तो काय सुचवेल, याचा अंदाज तुमचा विक्री विभाग करू शकेल.

माझ्या लॅबमधल्या ट्रायलचे आता १९ दिवस उरलेत. या वेळी इन्स्टॉलेशनला एकच संध्याकाळ लागली, त्यामुळे स्टोरेजचा धडा सुरू झालाय. काल पहिल्यांदा आयस्कझीवर, म्हणजे नेटवर्कवरून, दोन होस्टना एकच डेटास्टोअर, म्हणजे साठवणीची सामाईक जागा, दिसलं. मुलगी शेजारी गृहपाठ करत होती, तिला दाखवलं. तिला काही कळलं नाही, पण तिने टाळ्या वाजवल्या. परीक्षेची तारीख मी अजून घेतलेली नाही. तुमचं उत्तर १९ दिवसांच्या आत आलं तर पुन्हा पुसावं लागणार नाही.

आपली,
एक सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर
चिंचवड, पुणे